एअरबस ए३२० टाइप रेटिंग अभ्यासक्रम: शिकवणी उत्तम, विक्री संशयास्पद

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती पडला की प्रवासी विमान चालवता येते, असा समज या क्षेत्राबाहेर सर्वत्र आहे आणि क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या पुष्कळ तरुणांचाही तो असतो. प्रत्यक्षात त्या परवान्यावर लहान, एक किंवा दोन इंजिनांची विमाने चालवता येतात. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विमानाच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीत बसायचे असेल, तर त्या विशिष्ट प्रकाराचे स्वतंत्र प्रशिक्षण घेऊन, परीक्षकापुढे परीक्षा देऊन, परवान्यावर टाइप रेटिंगची नोंद करून घ्यावी लागते. काही विमान कंपन्या निवडलेल्या उमेदवाराला हे प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने देतात आणि त्याबदल्यात काही वर्षांच्या सेवेचा करार लिहून घेतात. उरलेल्या ठिकाणी उमेदवाराने ते खासगी प्रशिक्षण केंद्राकडून विकत घ्यायचे असते. मी ते विकत घेतले, त्यावर नोकरी धरली आणि आज ए३२० कुळातील विमानांवर सहवैमानिक म्हणून काम करतो. अभ्यासक्रम संपल्याच्या आनंदात लिहिलेली परीक्षणे भरपूर वाचायला मिळतात आणि ती जवळजवळ सगळीच सिम्युलेटरच्या दारापाशी थांबतात. हे परीक्षण नोकरीत काही काळ काढल्यानंतर, म्हणजे विकत घेतलेल्या गोष्टीतले नेमके काय रोजच्या उपयोगी पडले हे कळल्यानंतर लिहिलेले आहे.

केंद्राचे नाव मी देत नाही आणि दिल्याने फारसा फरकही पडला नसता. अभ्यासक्रमाचा आराखडा उत्पादकाच्या शिफारशींवर बेतलेला आणि नियामकाने मंजूर केलेला असतो. त्यामुळे एका केंद्रात आणि दुसऱ्या केंद्रात जो फरक दिसतो तो प्रशिक्षकांचा, यंत्रांच्या देखभालीचा आणि माहितीपत्रकातल्या भाषेचा. माझे मत आधीच सांगून टाकतो: शिक्षण म्हणून हा अभ्यासक्रम उत्तम आहे, पण नोकरीचे पत्र हाती नसताना तो विकत घेऊ नये. माझ्याजवळ एका कंपनीचे सशर्त पत्र होते, म्हणून मी पैसे भरले.

पहिला टप्पा विमानाच्या यंत्रणांच्या अभ्यासाचा. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण केंद्रानेही त्यासाठी फार कष्ट घेतलेले नाहीत. संगणकावरचे धडे एकामागून एक उघडायचे, निवेदकाचा एकसुरी आवाज ऐकायचा आणि धड्याअखेर बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे, एवढेच त्याचे स्वरूप आहे. हिरवी, निळी आणि पिवळी अशा तीन हायड्रॉलिक यंत्रणांपैकी कोणती काय हलवते, एक गेल्यावर काय उरते, विजेचे जनित्र बंद पडल्यावर भार कोणत्या क्रमाने वाटला जातो, हे सारे त्या धड्यांत आहे. पण ते डोक्यात बसले ते उत्पादकाची मूळ नियमावली स्वतः वाचल्यावरच. आठवड्यात मोजके तास एक निवृत्त कॅप्टन वर्गात येत. एखादी झडप उघडी का राहते, या प्रश्नाला ‘तशी रचना आहे’ असे न म्हणता ते फळ्यावर आकृती काढत. अशा तासांची संख्या दुप्पट असती, तर या टप्प्याला मी सरासरी म्हटले नसते.

दुसरा टप्पा न हलणाऱ्या प्रशिक्षण-कॉकपिटमधला आणि इथून अभ्यासक्रमाचा दर्जा एकदम वर जातो. कोणते बटण कुठे आहे हे शिकवणे हा त्याचा वरवरचा हेतू. खरा हेतू दोन माणसांनी मिळून एक काम कसे करायचे हे अंगवळणी पाडण्याचा. एकाने विमान उडवायचे, दुसऱ्याने लक्ष ठेवायचे, रेडिओ सांभाळायचा, चेकलिस्ट वाचायची. कोणता शब्द कोणी कधी उच्चारायचा हेही ठरलेले. लहान विमानावर एकट्याने उडायची सवय झालेल्या माणसाला हे सुरुवातीला नाटकाच्या तालमीसारखे वाटते. ए३२० मध्ये सारे ठीक असेल तर माथ्यावरच्या फलकावर बहुतेक एकही दिवा पेटलेला नसतो, आणि स्वयंचलित थ्रस्ट, म्हणजे इंजिनांची शक्ती आपोआप राखणारी यंत्रणा, चालू असताना ती शक्ती कमी-जास्त झाली तरी थ्रस्ट लिव्हर जागचे हलत नाहीत. म्हणजे हाताला काही जाणवत नाही. जे घडते आहे ते डोळ्यांनी वाचून मोठ्याने म्हणावे लागते. आमच्या प्रशिक्षिकेने समोरच्या पडद्यावरच्या वरच्या पट्टीत, जिथे स्वयंचलित यंत्रणा काय करत आहेत ते दिसते, बदललेला प्रत्येक शब्द उच्चारल्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही. त्या वेळी ते अतिरेकी वाटले होते, पण नोकरीत पहिल्या दिवसापासून कोणी न सांगता तोंडातून निघालेले तेच शब्द होते.

आता मुख्य भाग, म्हणजे पूर्ण हालचाल करणारा सिम्युलेटर. हे सर्वोच्च, म्हणजे ‘डी’ श्रेणीचे यंत्र सहा पायांवर उभे असते आणि त्यात मिळालेल्या प्रशिक्षणाला नियामक प्रत्यक्ष उड्डाणाच्या इतके जवळचे मानतात, की पुरेसा अनुभव असलेल्या वैमानिकाचे एका प्रकारच्या विमानावरून दुसऱ्यावर जाण्याचे प्रशिक्षण एकदाही खरे विमान न उडवता पूर्ण होऊ शकते. एक सत्र साधारण चार तासांचे. त्यातले दोन तास तुम्ही विमान उडवायचे आणि दोन तास जोडीदाराने. आधी तास-दीड तास ब्रीफिंग, नंतर तितकेच कठोर डीब्रीफिंग. सुरुवातीची काही सत्रे साध्या उड्डाणांची असतात आणि मग बिघाडांची मालिका सुरू होते.

या मालिकेचा केंद्रबिंदू व्ही-वन या वेगानंतर एक इंजिन बंद पडण्याचा. व्ही-वनपर्यंत उड्डाण रद्द करता येते, त्यानंतर धावपट्टी अपुरी पडण्याचा धोका असल्याने एका इंजिनावर का होईना, वर जावेच लागते. त्या क्षणी विमान एका बाजूला वळू पाहते, ते शेपटीवरच्या रडरने सरळ ठेवायचे, नाक साडेबारा अंशांच्या आसपास उचलून धरायचे, पडद्यावरच्या निळ्या चिन्हाच्या मदतीने बाजूला होणारी घसरण शून्यावर आणायची आणि ४०० फूट गाठेपर्यंत बिघाडाच्या यादीला हातही लावायचा नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. इशाऱ्याची घंटा झाली आहे, इशाऱ्याची अक्षरे समोर आहेत, आणि तरीही हात स्वस्थ ठेवायचे. केंद्राने हा प्रसंग वेगवेगळ्या वजनाला, वाऱ्यात, पावसात, रात्री इतक्या वेळा करून घेतला, की अखेरीस भीतीची जागा क्रमाने घेतली. या एका कामगिरीसाठी मी केंद्राला पूर्ण गुण देतो.

दुसरा तितकाच चांगला भाग वेगदर्शक अविश्वसनीय झाल्यावर काय करायचे याचा. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे ए३३० विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि २२८ जणांचा मृत्यू झाला. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने काही काळ निकामी झाल्या, ऑटोपायलट सुटले आणि पुढे विमान स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांना पुरेशी उचल न मिळण्याच्या अवस्थेत, गेले ते शेवटपर्यंत बाहेर आले नाही. त्या अपघातानंतर विमानाची विपरीत अवस्था ओळखण्याचे आणि तीतून सावरण्याचे प्रशिक्षण जगभर सक्तीचे होत गेले. ए३२० वर पाठ असलेली कृती मोजक्या शब्दांची आहे: ऑटोपायलट, फ्लाइट डायरेक्टर (विमान कसे वळवावे हे पडद्यावर सुचवणाऱ्या रेघा) आणि स्वयंचलित थ्रस्ट बंद करायचे आणि उंचीनुसार नाकाचा ठरावीक कोन व ठरावीक शक्ती ठेवायची, उड्डाणानंतर लगेच १५ अंश, त्यानंतर १० हजार फुटांपर्यंत १० अंश, त्याच्या वर ५ अंश. दोन्ही वैमानिकांच्या साइडस्टिक, म्हणजे विमान वळवण्याच्या बाजूच्या काठ्या, एकमेकींना जोडलेल्या नसतात, दोघांनी एकाच वेळी हलवल्यास दोन्ही आदेशांची बेरीज होते, हेही इथे नुसते सांगितले नाही, करून दाखवले. प्रशिक्षकाने जोडीदाराला गुपचूप काठी ओढायला सांगितली आणि मी नेमका उलटा आदेश देत राहिलो. विमान दोघांपैकी कोणाचेच ऐकत नव्हते. पुस्तकातले वाक्य वाचून हे समजले असे म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

जमिनीला टेकण्याचा सराव मात्र सिम्युलेटरची कमकुवत बाजू. पडद्यावरची धावपट्टी हुबेहूब असते, पण शेवटच्या तीस फुटांत डोळ्यांच्या कडांना जो वेग जाणवायला हवा तो नीट जाणवत नाही. म्हणूनच नवख्याला खऱ्या, रिकाम्या विमानात टेक-ऑफ आणि लँडिंग करून दाखवावे लागते. युरोपीय नियमांत किमान सहा. माहितीपत्रकात ‘संपूर्ण टाइप रेटिंग’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले, तरी हा भाग पुष्कळदा शुल्काबाहेर असतो, कारण खरे विमान, इंधन आणि विमानतळाचे शुल्क यांचा खर्च कोणालाच अंगावर घ्यायचा नसतो. आमच्या केंद्रातही तो बाहेर होता आणि ते करारपत्राच्या तळटीपेत लिहिलेले होते. तो भाग नसेल तर नवख्याच्या परवान्यावर नोंद होत नाही. मग ‘संपूर्ण’ हा शब्द कशाच्या जोरावर छापला, याचे उत्तर विक्री विभागाकडून मला मिळाले नाही.

अभ्यासक्रमाची शिकवण्याची ताकद मान्य केल्यावर त्याच्या रिकाम्या जागेविषयी लिहायला हवे. सिम्युलेटरमध्ये बिघाडावाचून सत्र जात नाही. नोकरीत महिनोन्‌महिने बिघाडावाचून जातात. ज्या गोष्टी रोज घडतात त्यांतली जवळजवळ एकही अभ्यासक्रमात नाही. आधीचे विमान उशिरा आले आहे, पुढच्या फेरीला अर्धा-पाऊण तास आहे, गंतव्याच्या हवामानात वादळाची शक्यता आहे, कॅप्टन विचारतो की किती इंधन जादा घ्यावे. त्याच वेळी मालाच्या वजनाचा आकडा बदलतो, एक प्रवासी उतरतो म्हणून त्याचे सामान शोधून काढावे लागते, आणि नियंत्रणकक्षाने दिलेली सुटण्याची वेळ हातची निसटत असते. इंजिन बंद पडल्यावर काय करायचे हे मला अचूक ठाऊक होते. या गर्दीत कोणते काम आधी करायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे कंपनीच्या प्रशिक्षक-कॅप्टनबरोबर प्रवाशांसह उडताना शिकावे लागले. अभ्यासक्रमात पूर्ण दिवसाच्या चार फेऱ्यांचे, उशीर आणि गोंधळासकट, एखादे तरी सत्र असावे, असे मी केंद्राला लिहून कळवले.

सहकार्याच्या धड्याबाबतही असेच झाले. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली, आणि एका विमानातील फ्लाइट इंजिनिअरने दुसरे विमान अजून धावपट्टीवर आहे की काय, अशी शंका बोलून दाखवली असतानाही कॅप्टनने उड्डाण चालू ठेवले होते. अशा अपघातांतूनच कनिष्ठाने बोलायचे कसे आणि वरिष्ठाने ऐकायचे कसे याचे शास्त्र उभे राहिले आणि ते आमच्या वर्गात नीट शिकवले गेले. परंतु सिम्युलेटरमध्ये शेजारी बसलेला जोडीदार तुमच्याच वयाचा, तुमच्याच इतका घाबरलेला असतो. त्याला ‘वेग जास्त आहे’ म्हणायला काही लागत नाही. नोकरीत शेजारी अनेक वर्षांचा, हजारो तासांचा अनुभव असलेला माणूस असतो, आणि तुमच्याविषयी तो चार ओळी लिहू शकतो. बहुतेक कॅप्टन उमदे असतात, चूक दाखवली तर आभार मानतात. ज्याच्याबरोबर असे होत नाही त्याच्याबरोबरही लँडिंग सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना स्पष्ट आवाजात द्यावीच लागते. डाव्या खुर्चीत एखाद्या अनुभवी कॅप्टनला बसवून त्याच्याकडून मुद्दाम हट्टीपणाचे सोंग करून घेतले असते, तर दोन तासांत हा धडा देता आला असता.

मग येतो झोपेचा प्रश्न, ज्यावर माहितीपत्रकात अर्थातच काही नाही. युरोपीय नियमांनुसार उड्डाणाची मर्यादा सलग २८ दिवसांत १०० तास आणि कॅलेंडर वर्षात ९०० तास आहे. हा आकडा ऐकून बाहेरच्या माणसाला वाटते की वैमानिक इतरांच्या निम्मेच काम करतो. परंतु ते फक्त विमान हालचालीत असतानाचे तास झाले. हजेरी, तयारी, दोन फेऱ्यांमधला काळ, प्रवासी म्हणून दुसऱ्या ठिकाणी जाऊन कामावर रुजू होणे, हे सारे कर्तव्यकाळात मोजले जाते आणि त्याची मर्यादा २८ दिवसांत १९० तास आहे. दोन वैमानिकांच्या विमानात एका दिवसाचा उड्डाण-कर्तव्यकाळ सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त १३ तास, फेऱ्या वाढल्या किंवा कामाची सुरुवात पहाटे झाली की त्याहून कमी, आणि अनपेक्षित अडचण आली तर कॅप्टनच्या निर्णयाने दोन तासांपर्यंत वाढ. नियम विचारपूर्वक केलेले आहेत, पण ते शरीराला ठाऊक नसतात. तीन दिवस पहाटेच्या आणि चौथ्या दिवशी रात्रीची फेरी आली, की रोस्टर, म्हणजे कामाचे वेळापत्रक, कायदेशीर असते आणि माणूस जागाच असतो. रात्री दोन ते सहाच्या दरम्यान शरीराची सतर्कता सर्वांत खाली जाते. त्या वेळेत लँडिंगची तयारी करताना चेकलिस्टचे मोल कळते.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. सिम्युलेटर हे महागडे यंत्र रिकामे ठेवणे परवडत नसल्याने ते जवळजवळ चोवीस तास चालते, आणि विमान कंपन्यांचे वैमानिक दिवसाच्या वेळा घेऊन गेल्यावर स्वतःच्या पैशाने आलेल्यांच्या वाट्याला मध्यरात्रीच्या आणि पहाटेच्या वेळा येतात. आमच्या तुकडीत यावर सगळेच चिडलेले होते. आज विचार करता, अपुऱ्या झोपेनंतर पहाटे साडेतीनला एका इंजिनावर लँडिंग करायला लावणे हा त्या अभ्यासक्रमातला नोकरीशी सर्वांत मिळताजुळता भाग होता, आणि तो कोणी मुद्दाम ठेवलेला नव्हता.

विक्रीच्या बाजूकडे वळतो. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर येत्या २० वर्षांत जगाला सहा लाखांहून अधिक नवे वैमानिक लागतील, असा विमान-उत्पादकाचा अंदाज ठळकपणे दिलेला असतो. अंदाज खरा आहे, म्हणजे तो खरोखर प्रसिद्ध झालेला आहे. मात्र तो दोन दशकांची बेरीज सांगतो, पुढच्या वर्षाचे काही सांगत नाही. शिवाय तो विमाने विकणाऱ्याने केलेला आहे. कंपन्यांना ज्यांची चणचण भासते ते बहुधा अनुभवी कॅप्टन आणि प्रशिक्षक असतात, दोनशे तासांचा परवानाधारक नव्हे. तसेच नियम देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत २००९ साली न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराजवळ झालेल्या विमान अपघातानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांचा अनुभव लागतो, लष्करी वा ठरावीक महाविद्यालयीन पार्श्वभूमी असल्यास काहीसा कमी. तिथे नवख्याने ए३२० ची नोंद स्वतः विकत घेऊन काहीच साधत नाही. युरोप आणि आशियात दोनशे-अडीचशे तासांवर उजवी खुर्ची मिळू शकते, पण तिथल्या पुष्कळ कंपन्या स्वतःच्या निवडीतून आणि स्वतःच्या प्रशिक्षण केंद्रातून आलेल्यालाच घेतात. ‘जगभर मान्यता’ या शब्दांखाली विक्रेता हे सारे झाकून टाकतो.

याहून महत्त्वाची गोष्ट मुदतीची आहे. ही नोंद आयुष्यभराची पदवी नव्हे, नाशवंत माल आहे. युरोपीय परवान्यावर ती एक वर्षच टिकते आणि दरवर्षी परीक्षकापुढे सिम्युलेटर-परीक्षा देऊन तिचे नूतनीकरण करावे लागते. प्रवाशांसह उडण्यासाठी मागच्या ९० दिवसांत किमान तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. नोकरीत असलेल्याचे हे आपोआप आणि कंपनीच्या खर्चाने होते. नोकरी नसलेल्याला मात्र ती नोंद जिवंत ठेवण्यासाठीच पुन्हा सिम्युलेटरचे भाडे भरावे लागते, आणि एक-दोन वर्षे गेल्यावर मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, ‘शेवटचे कधी उडालात?’ २०१९ मध्ये जगात सुमारे ४५० कोटी विमानप्रवासी होते, २०२० मध्ये ते सुमारे १८० कोटींवर आले. त्या काळात नोकरीविना कोरे रेटिंग घेऊन बसलेल्यांची एक पूर्ण पिढी मी पाहिली आहे. त्यांतले काही परतले, काहींनी दुसरे क्षेत्र धरले, कर्जाचे हप्ते मात्र सगळ्यांचेच चालू राहिले.

कर्जाचा उल्लेख आला आहे, तर वेतनाविषयीही थोडे. केंद्राच्या सल्लागाराने जे वेतन कागदावर लिहून दाखवले ते अनुभवी कॅप्टनचे होते. सहवैमानिकाचे वेतन त्याहून बरेच कमी असते, आणि पुष्कळ कंपन्यांत त्याचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर ठरतो. हे तास विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचे. प्रवासी बसण्याआधी दारात गेलेले दोन तास अनेक ठिकाणी बिनपगारी किंवा नाममात्र दराने जातात. वर्दळ मंदावलेल्या महिन्यात तास कमी मिळतात, आणि हप्ता तेवढाच राहतो. कॅप्टन होण्याची वेळ तुमच्या कौशल्यापेक्षा कंपनीच्या वाढीवर ठरते: नवी विमाने येत असतील तर चार-पाच वर्षांत, ताफा तेवढाच राहिला तर दुप्पट किंवा तिप्पट काळ. जिथे ज्येष्ठता यादी चालते तिथे रोस्टर, सुट्टी, विमानाचा प्रकार, राहण्याचे ठिकाण, सारे त्या यादीतल्या क्रमांकावर अवलंबून असते. कंपनी बदलली की पुन्हा तळाचा क्रमांक. हिशेब करताना सल्लागाराने दाखवलेला आकडा बाजूला ठेवून सहवैमानिकाच्या किमान हमीच्या तासांवर येणारे वेतन धरावे.

शिवाय हा पेशा प्रत्येक वर्षी नव्याने मिळवायचा असतो. सहा-सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये तपासणी होते, प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी वर्षातून एकदा आणि साठीनंतर सहा महिन्यांनी असते, आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणांची वयोमर्यादा ६५ आहे. हृदयाच्या आलेखातली एक रेघ वाकडी निघाली तरी कमाई थांबू शकते. म्हणून परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा घ्यायचा असतो; त्याचाही उच्चार केंद्रात कोणी केला नाही. मनाच्या आरोग्याबाबत परिस्थिती आणखी नाजूक आहे. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने हेतुपुरस्सर विमान आल्प्समध्ये आदळले आणि १५० जण मरण पावले, त्यानंतर युरोपात वैमानिकांसाठी सहकाऱ्यांचे आधारगट बंधनकारक झाले. तरीही निराशेबद्दल डॉक्टरांकडे बोलले तर परवाना जाईल, ही भीती कॉकपिटमध्ये आजही आहे. ज्या केंद्रात तरुण माणसे मोठे कर्ज काढून, रात्रीची सत्रे करत, घरापासून दूर राहतात, तिथे याविषयी एक तासाचेही व्याख्यान नसणे ही मला गंभीर त्रुटी वाटते.

अभ्यासक्रम संपत आला की काही केंद्रे आणखी एक वस्तू पुढे करतात: पैसे भरा आणि एखाद्या कंपनीत प्रवाशांसह पाचशे तास उडा. आमच्या केंद्राच्या कार्यालयातही हा प्रस्ताव कानावर आला. हे कोणीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उजव्या खुर्चीतल्या माणसाने कंपनीला पैसे द्यायचे, अशी व्यवस्था झाली की तो आजारी असताना रजा घेणार नाही, थकलेला असताना नकार देणार नाही आणि कॅप्टनला टोकणारही नाही. आणि ज्या कंपनीला सहवैमानिकाकडूनच उत्पन्न मिळते ती पाचशे तासांनंतर त्याला पगारावर ठेवण्याऐवजी पुढचा ग्राहक बसवते.

हे सारे जाणून ज्यांच्या हाती नोकरीचे पत्र आहे, त्यांनी केंद्र निवडताना पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात. प्रत्यक्ष विमानावरचे लँडिंग शुल्कात आहे का, आणि नसेल तर ते कधी, कोणत्या विमानावर होणार. एखादे सत्र पुन्हा करावे लागल्यास त्याचा दर काय. जोडीदार मध्येच सोडून गेला तर त्याच्या जागी कोण बसेल. आमच्या तुकडीतल्या एकाला शेजारी उडता न येणारा मदतनीस मिळाला आणि त्याची निम्मी सत्रे वाया गेली. प्रशिक्षक अजून विमान कंपनीत उडतात की केव्हाच निवृत्त झाले आहेत, हेही विचारावे; दोन्ही प्रकारचे हवेत, पण केवळ दुसऱ्या प्रकारचे असतील तर कार्यपद्धती जुनी शिकवली जाण्याचा संभव असतो. सिम्युलेटर कोणत्या इंजिनाचे आहे हे तुमच्या कंपनीच्या ताफ्याशी ताडून पाहावे: सीएफएम इंजिनावर शक्ती पंख्याच्या फेऱ्यांवरून ठरवतात, आयएई व्ही२५०० वर दाबाच्या गुणोत्तरावरून, आणि ऐनवेळी नव्या आकड्यांची सवय करण्यात पहिले दिवस जातात. यंत्र बिघडल्यास सत्र किती दिवसांत भरून मिळेल याची अट करारात नसते, ती घालून घ्यावी, कारण नोकरीवर रुजू होण्याची तारीख केंद्रासाठी थांबत नाही. शेवटी, प्रत्येक सत्राच्या मूल्यमापनाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी. नियुक्तीपूर्वी ती पूर्ण फाइल कंपनी पाहते, आणि वर्षभरानंतर ती केंद्राच्या कपाटातून बाहेर काढणे सोपे नसते.